एकाश्म स्तंभ आणि लहान रेणूंचे धारण

'क्रोमॅटोग्राफी' या ग्रीक धातूंवरून घडविलेल्या संज्ञेचा शब्दशः अर्थ 'रंगलेखन' असा होतो. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉर्सा येथे खडूची भुकटी भरलेल्या काचनळीतून पानांतील रंगद्रव्यांचे द्रावण जाऊ दिले, तेव्हा निरनिराळ्या रंगांचे पट्टे अलग झाले. १९०६ साली त्याने या पद्धतीस हे नाव दिले. द्रवाबरोबर वाहत जाणे आणि स्तंभातील पदार्थापाशी अडून राहणे या दोन प्रवृत्तींच्या ओढाताणीवर हे तंत्र आजही उभे आहे. अडून राहण्याच्या क्रियेस 'धारण' असे म्हणतात.

पुढील काळात स्तंभ अतिसूक्ष्म कणांनी भरले जाऊ लागले. १९९२ साली फ्रांटिशेक श्वेत्स व ज्याँ फ्रेशे यांनी निराळा मार्ग मांडला. नळीतील द्रवमिश्रणाचेच बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, बनविले की कणांऐवजी सलग, सच्छिद्र कांडी तयार होते. तिला 'मोनोलिथ' म्हणजेच 'एकाश्म' म्हटले जाते. तिच्यातील रुंद मार्गांतून द्रव कमी दाबानेही वेगाने वाहतो आणि प्रथिनांसारखे मोठे रेणू अल्पावधीत वेगळे होतात.

लहान रेणूंच्या बाबतीत मात्र असे यश सहजी लाभले नाही. त्याचे एक कारण 'एकाश्म' या नावाआड दडले आहे. हे नाव पाषाणाचा अभेद्यपणा सुचविते. बहुवारिक तसे नसते. टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकात त्याचा विरळ जोडबंधांचा भाग फुगून जेलसारखा होतो. प्रथिनाचा रेणू बहुतांशी पृष्ठभागावरच अडतो. बेंझिनसारखा लहान रेणू आत शिरतो. आत त्याची हालचाल मंदावते. एकाच पदार्थाचे काही रेणू लवकर बाहेर पडतात, काही रेंगाळतात. परिणामी पट्टा रुंदावतो आणि शेजारच्या पट्ट्यात मिसळतो. धारण जितके अधिक, तितका हा दोष ठळक होतो. अडून राहणे म्हणजे वेगळे होणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

उपायही या आकलनातूनच निघाले. २०१० साली श्वेत्स, फ्रेशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार एकाश्म फुगवून त्यात नवे जोडबंध निर्माण केले. त्यामुळे सूक्ष्म छिद्रे कायम झाली, पृष्ठक्षेत्र दर ग्रॅमला ६०० चौरस मीटरांहून अधिक झाले आणि लहान रेणूंचे पट्टे रेखीव उमटू लागले. नावाने सुचविलेला पाषाण बाजूला ठेवून त्यामागील मऊ, फुगणारे द्रव्य पाहिले, तेव्हाच धारणाचा उलगडा झाला.