डबा चुकतो कुठे?

समजा, एका स्वयंपाकघरातून फक्त घरपोच जेवण जातं. तिथे बसून खायची सोयच नाही. फोन आला की मालकीणबाई वहीत एक ओळ लिहितात : नाव, फोन, पत्ता, पदार्थ, किंमत. धंदा लहान असतो तोवर वही उत्तम चालते. ती अपुरी कधी पडते?

एका ग्राहकाने वीस वेळा जेवण मागवलं, तर त्याचा पत्ता वीसदा लिहिला जातो. त्याने घर बदललं की नवा पत्ता एकविसाव्या ओळीत येतो. घाईत कुणी मागचं पान पाहिलं तर डबा जुन्या घरी! तिथे एका वेळचं जेवण जाईल, इतकंच. पण ‘मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ ही सूचना तेराव्या ओळीच्या कडेलाच राहून गेली तर? ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

माहिती संगणकात भरली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वहीसारखाच तक्ता केला तर चुकाही वहीसारख्याच होतात. १९७० साली आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी यावर एक वाट दाखवली. ‘रिलेशनल’ या शब्दावरून तक्त्यांमधली नाती असं अनेकांना वाटतं. पण कॉड यांच्या मनात होता संचांच्या गणितातला ‘संबंध’. तक्ता हाच एक संबंध आणि त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे आपण वर्गात शिकवतो ती क्रमित जोडी, फक्त दोनाऐवजी अनेक पदांची.

आता तक्ते वेगळे करू. ग्राहकांचा एक, पदार्थांचा एक, ऑर्डरींचा एक. ऑर्डरीत फक्त ग्राहकाचा क्रमांक. क्रमांक म्हणून फोन नंबर चालेल का? नको, तो बदलतो, घरात दोघांचा एकच असतो. हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलतो, पण जनरल रजिस्टरचा नंबर शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. तसा, स्वतःला काहीच अर्थ नसलेला क्रमांक बरा.

एका ऑर्डरीत अनेक पदार्थ आणि एक पदार्थ अनेक ऑर्डरींत. म्हणून चौथा तक्ता : ऑर्डर क्रमांक, पदार्थ क्रमांक, नग आणि किंमत. किंमत इथे पुन्हा कशाला, ती पदार्थांच्या तक्त्यात आहेच की! मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. थालीपीठ साठाचं सत्तर रुपये झालं, तर गेल्या महिन्याची बिलंही सत्तरने निघतील. आजचा भाव आणि त्या दिवशी घेतलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही पुनरुक्ती नव्हे.

शेंगदाण्याचं काय? कोणत्या पदार्थात काय पडतं याचा एक तक्ता, कोणत्या ग्राहकाच्या घरी काय चालत नाही याचा दुसरा. साबुदाण्याची खिचडी मागवली की दोन्ही ताडून संगणक फोन घेणाऱ्याला थांबवू शकतो.

मात्र एखाद्या ग्राहकापुढे काहीच नोंद नसेल, तर त्याचे अर्थ दोन होतात : ‘त्रास नाही’ किंवा ‘आम्ही विचारलंच नाही’. संगणकाला हा फरक आपणहून कळत नाही. म्हणून ‘विचारलं का?’ असा एक रकाना ग्राहकांच्या तक्त्यात हवाच, आणि तो भरायला फोनवरच्या माणसाने प्रश्न विचारायला हवा.