दृक्प्रत्ययवादी चित्रांवरून बेतलेला पोशाख : किंमत नेमकी कशाची?

1874 च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत काही चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, आणि त्यांच्या शैलीला मराठीत पुढे दृक्प्रत्ययवाद हे नाव रूढ झाले. वस्तूच्या रेखीव आकारापेक्षा त्या क्षणी तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा डोळ्यांना येणारा प्रत्यय रंगांच्या सुट्या फटकाऱ्यांनी पकडणे, हे या शैलीचे मर्म होय. तिच्या आणि तिच्यातून निघालेल्या उत्तर-दृक्प्रत्ययवादाच्या चित्रांवरून बेतलेले पोशाख आज लाखो रुपयांना विकले जातात. परंतु व्हिन्सेंट व्हॅन गॉग 1890 मध्ये आणि क्लोद मोने 1926 मध्ये निवर्तल्याने त्यांच्या चित्रांवर आता कोणाचाही कॉपीराइट उरलेला नाही, आणि मोनेची कमळे कोणीही रेशमावर छापून विकू शकतो. चित्र असे फुकट उपलब्ध असताना ग्राहक जी रक्कम मोजतो, ती ते कापडावर कोणत्या रीतीने उतरवले याची असते. निदान तशी असायला हवी.

ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच डिझायनरची 1988 ची जाकिटे हे या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे. व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ आणि ‘आयरिस’ ही फुलांची चित्रे 1987 मध्ये लिलावात विक्रमी किमतींना विकली गेली होती, आणि पुढल्याच वर्षी सँ लोराँने याच विषयांवरची जाकिटे सादर केली. त्यांचे भरतकाम लसाज या पॅरिसच्या नामांकित कारखान्याने केले. एकेका जाकिटाला सुमारे 600 तास लागले, आणि ‘आयरिस’साठी 22 छटांच्या अडीच लाख टिकल्या, दोन लाख मणी व 250 मीटर रिबिन खर्ची पडली. ‘सूर्यफुले’चे जाकीट 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात 3,82,000 युरोंना गेले.

टिकल्यांचा हा सोस निव्वळ श्रीमंती मिरवण्यासाठी नव्हता. छापलेल्या कापडावर चित्रातला प्रकाश कायमचा गोठतो. टिकली मात्र आरशासारखी असते, आणि ती कोणत्या दिशेने कलती बसवली यावर तिची चमक ठरत असल्याने, पोशाख घालणारी व्यक्ती हलली की रंगही हलतो. कुंचल्याच्या फटकाऱ्याला जशी दिशा असते, तशीच ती टिकल्यांच्या ओळीला देता येते. हे काम बहुधा आकडीच्या सुईने होते : कापड चौकटीवर उलटी बाजू वर करून ताणतात, मणी ओवलेला दोरा खाली धरतात, आणि आकडी वरून खुपसून साखळी टाका वर ओढतात. कारागिराच्या डोळ्यांसमोर फक्त टाक्यांच्या ओळी असतात. फूल खाली, त्याच्या नजरेआड उमलत असते. इतकी शिस्तबद्ध कल्पनाशक्ती कोणत्याही चित्रकाराच्या कसबाइतकीच आदराला पात्र आहे.

भारतातील आरीकाम याच आकडीच्या कुळातले आहे, फक्त ते सहसा सुलट बाजूने केले जाते. दिओर या फ्रेंच फॅशनगृहाने 30 मार्च 2023 रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर जे कपडे सादर केले, त्यांतील भरतकामात मुंबईच्याच चाणक्य या संस्थेच्या कारागिरांचा मोठा वाटा होता.

किंमत या हातकामाची असल्याने चित्रावरून बेतलेला भरतकामाचा पोशाख विकत घेणाऱ्याने प्रथम अस्तराखालची बाजू पाहू द्या अशी मागणी करावी, कारण हाताचे टाके, गाठी आणि शिवणीवरून अखंड पुढे गेलेली नक्षी तिथेच कळते. छपाईवर चार मणी टाचून भरतकामाचा भाव लावलेला असेल, तर तेही तिथेच उघडे पडते. लेबलावर बहुधा पोशाख जिथे शिवून पूर्ण झाला त्या देशाचेच नाव असते, त्यामुळे भरतकाम कोठे आणि कोणी केले हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. घरी आणल्यावर तो हँगरला टांगू नये. मण्यांच्या वजनाने खांद्याचे कापड ताणले जाते, म्हणून आम्लरहित कागदात गुंडाळून तो आडवा ठेवतात.