नाक नसलेली मुलगी आणि तुमचा लोगो

सोमवारची मीटिंग. कोणीतरी म्हणतं, ‘यार, आपला लोगो जरा बोअर होतोय.’ संध्याकाळपर्यंत निळ्याचा जांभळा झालेला असतो, आणि जुनी व्हिजिटिंग कार्डं रद्दीत. ओळखीचं वाटतंय ना?

‘क्रिएटिव्ह डिरेक्शन’ ही सर्व्हिस हल्ली छोटे ब्रँडही घेतात. लोगो, रंगांच्या नेमक्या शेड्स, फॉन्ट, फोटोंचा मूड, भाषेचा टोन असं सगळं एका गाइडमध्ये बांधून मिळतं. पण खरं सांगू? गाइड कॉम्प्युटरवर पडून राहतं. पैसे द्यायचे ते प्रत्येक सोमवारी ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाला.

पटत नसेल तर अमूलची मुलगी आठवा. 1966 मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या एजन्सीकडे अमूल बटरचं काम आलं आणि आर्ट डिरेक्टर युस्टेस फर्नांडिस यांनी ती काढली. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक आणि नाकाचा पत्ताच नाही! (आत्ता आठवून पाहिलंत ना?) तेव्हा होर्डिंग्ज हाताने रंगवत. म्हणजे चित्र असं हवं, की पेंटरला ते पटकन जमेल आणि दर वेळी तसंच जमेल. कन्सिस्टन्सी ही तिथे फॅशन नव्हती, गरज होती.

चेहरा पक्का झाला, म्हणून बाकी सगळं मोकळं सुटलं. क्रिकेट, सिनेमा, राजकारण, कशावरही कोटी करा, मुलगी तीच. डॉ. वर्गीस कुरियन यांनी तर जाहिराती आधी मंजुरीला न पाठवता थेट लावायची मुभा एजन्सीला दिली होती. हे वाक्य कापून आपापल्या क्लायंटच्या टेबलावर ठेवा! पुढे सूत्रं मुलगा राहुल यांच्याकडे आली, चित्रं जयंत राणे काढू लागले. 2023 मध्ये सिल्व्हेस्टर गेले. मुलीला नाक अजून फुटलेलं नाही.

बदलूच नये, असं मी म्हणत नाहीये. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेल्या ‘गट्टू’ला एशियन पेंट्सने 2002 मध्ये निरोप दिलाच. मला वैयक्तिकरीत्या तो पोरगा अजून आठवतो, पण जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळून मग सोडणं वेगळं आणि मूड गेला म्हणून सोडणं वेगळं.

माझी एक मैत्रीण घरगुती मसाले विकते. दोन वर्षांत तिने तीन पाकिटं बदलली. तिसरं पाकीट बघून दादरच्या दुकानदाराने विचारलं, ‘ताई, कंपनी विकली का?’ नेहमीची गिऱ्हाइकं पाकीट उलटसुलट करून परत ठेवत होती म्हणे. आता तिने महिन्याच्या बोलीवर एक क्रिएटिव्ह डिरेक्टर ठेवलीय. तिचं पहिलं काम काय, तर पहिल्या पाकिटावरचा लाल नेमका कोणता होता, ते शोधणं.