चौकातील धूळ

संध्याकाळच्या वेळी हैदराबादेतील कोठीच्या किंवा पंजागुट्ट्याच्या चौकात क्षणभर उभे राहावे. दिवा लाल होताच शेकडो वाहने एकदम थांबतात आणि हिरवा होताच एकदम उसळी घेतात. आपले लक्ष जाते ते धुराकडे. पायाखालच्या धुळीकडे सहसा कोणी पाहत नाही. आज मला आपणांस सांगावयाचे आहे ते या धुळीविषयीच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना असे आढळून आले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अल्प प्रमाणात मिसळले असता एंजिनाचे ठोके बंद होतात. हा उपाय जगभर पसरला. परंतु शिसे काही जळून नाहीसे होत नाही. ते धुरावाटे बाहेर पडे आणि रस्त्याकडेच्या मातीत साठे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत जपून ठेवते. लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे तर प्रौढांच्या मानाने चार-पाच पट अधिक शोषले जाते आणि वाढत्या मेंदूवर आघात करते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. २०२१ साली अल्जीरियानेही ती थांबविली आणि जगात कोठेही मोटारींसाठी असे पेट्रोल विकले जाईनासे झाले.

शिसे वगळण्यास आणखीही एक कारण होते. धूर निर्विष करण्यासाठी मोटारीच्या धूरनळीत जो ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसवितात, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. शिशाचा थर बसला, की हा लेप निकामी होतो. शिसे गेल्यामुळे या उपकरणाचा मार्ग मोकळा झाला.

पण तो लेपही झिजतोच. हैदराबादच्याच राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी शहरातील रस्त्यांवरची धूळ तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हे तिन्ही धातू आढळल्याची नोंद आहे. प्रमाण अत्यल्प, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश मापाने मोजावे असे होते. तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. जेथे वाहने अडखळत, थांबत-धावत जातात, त्या चौकांत हे प्रमाण अधिक होते. जेथे ती सुरळीत जातात, तेथे कमी.

चौकात झिजतो तो केवळ हा लेप नव्हे. ब्रेक दाबला, की त्याच्या पट्ट्यांतून तांब्याचे व अँटिमनीचे कण उडतात. टायर घासला, की त्यातील जस्त रस्त्यावर उतरते. विजेवर चालणारी मोटार धूर सोडत नाही, पण टायर तिलाही असतात. शिवाय जुन्या काळी मातीत बसलेले शिसे आजही वाऱ्याबरोबर उठते. सेंद्रिय कचरा कुजतो, धूर विरतो. धातू मात्र नष्ट होत नाही, तो केवळ आपली जागा बदलतो. ती नवी जागा कधी चौकातील फेरीवाल्याची टोपली असते, कधी रांगणाऱ्या मुलाचा तळहात, तर कधी पावसाच्या पाण्याबरोबर मुसी नदी.

मग करावे काय? घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढण्याची आपली जुनी रीत येथे शास्त्राच्याही कसोटीस उतरते. रस्त्यालगतच्या घरात कोरड्या झाडूपेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. मुलांचे हात जेवणापूर्वी धुवावेत आणि पालेभाजी भरपूर पाण्यात धुऊन घ्यावी. मुलांच्या आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असले, म्हणजे शिसे शरीरात कमी मुरते.

तथापि सारा भार गृहिणीवर टाकून चालणार नाही. रस्त्यावरची धूळ खराट्याने उडविण्यापेक्षा ती ओली करून किंवा यंत्राने ओढून उचलावी, गटारात लोटू नये, आणि वाहतूक अडखळणार नाही अशी चौकांची आखणी करावी, हे नगरपालिकेचे काम आहे. ज्या झाडूवाल्या स्त्रिया पहाटे ही धूळ झाडतात, त्यांच्या श्वासाचाही हिशेब आपण ठेवला पाहिजे. पेट्रोलमधील शिसे हटविण्यास जगाला शंभर वर्षे लागली. पायाखालच्या धुळीकडे पाहण्यास आपण इतका विलंब लावू नये.