जुन्या संगणकांच्या सर्किट बोर्डासाठी कमी उंचीच्या हेडर पिनांची निवड : बीबीसी मायक्रोच्या संदर्भात

प्रस्तावना

इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आणला. ब्रिटनमधील शाळांतून त्याचा मोठा प्रसार झाला. भारतातही १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात हाच संगणक वापरला गेला. चार दशकांनंतर असे यंत्र पुन्हा चालते करताना एक क्षुल्लक वाटणारी बाब दुर्लक्षित राहते. ती म्हणजे नवा जोडबोर्ड जुन्या सॉकेटमध्ये बसविणारी हेडर पिन. प्रस्तुत लेखात या पिनेच्या निवडीचा विचार केला आहे.

उंचीचा प्रश्न

या संगणकात बेसिक भाषा व इतर आज्ञावल्या रॉम चिपमध्ये साठविलेल्या असतात. त्यांची २८ पायांची सॉकेटे मुख्य बोर्डाच्या उजव्या बाजूस, नेमकी कळफलकाखाली येतात. पायांच्या दोन रांगांत १५.२४ मिमी आणि लगतच्या दोन पायांत २.५४ मिमी अंतर असते. आज तेथे अनेक रॉमचा मजकूर सामावणारा, फ्लॅश स्मृती असलेला लहानसा जोडबोर्ड बसविता येतो. मात्र त्यासाठी नेहमीची मादी पट्टी व तीत शिरणारी हेडर पिन वापरली, तर पट्टीचे सुमारे ८.५ व पिनेच्या प्लास्टिकचे सुमारे २.५ असे ११ मिमी त्यातच खर्ची पडतात; जोडबोर्डाची जाडी निराळीच. कळफलक नीट बसत नाही आणि बळेच स्क्रू आवळल्यास दोन्ही बोर्डांवर ताण येतो. म्हणून मादी पट्टी वगळून जोडबोर्डालाच आखूड पिना सोल्डर करणे क्रमप्राप्त ठरते.

उपलब्ध जागा आधीच मोजणे इष्ट होय. वीज पूर्णपणे बंद असताना, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला मऊ खेळमातीचा गोळा चिपवर ठेवून कळफलक अलगद बसवावा. दबलेल्या मातीची जाडी हेच उत्तर.

पिनेचा छेद

परंतु केवळ उंची पाहून पिन निवडणे ही अर्धवट निवड होय, आणि खरा धोका येथेच आहे. चिपचा पाय चपटा असतो : जाडी साधारण ०.२५ मिमी, टोकाकडील रुंदी सुमारे ०.४५ मिमी. जुन्या साध्या सॉकेटमधील स्प्रिंगपाती याच पातळ पायाला धरण्यासाठी घडविलेल्या असतात. बाजारात सहज मिळणारी चौकोनी हेडर पिन मात्र ०.६४ मिमी बाजूची, म्हणजे कर्णावर ०.९ मिमी असते. ती आत रेटली की पाती आपल्या लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे वाकतात आणि पुन्हा पूर्वस्थितीला येत नाहीत.

ही हानी त्या वेळी जाणवत नाही. जाड पिनेला ताणलेल्या पातीही घट्टच धरतात आणि जोडबोर्ड उत्तम चालतो. पुढे कोणी मूळ बेसिकची चिप परत बसविली की पडद्यावर ‘लँग्वेज?’ एवढाच प्रश्न उमटतो. कारण यंत्राला भाषेची रॉम सापडतच नाही. चूक पिनेची, आळ मात्र चिपवर येतो. सॉकेट बदलायचे, तर २८ छिद्रांतील सोल्डर काढताना जुन्या बोर्डाचे ताम्रपट्टे उखडण्याची भीती असते.

पर्याय

कातीव गोल पिन सुमारे ०.५ मिमी व्यासाची असते. गोल छिद्रांच्या कातीव सॉकेटसाठी ती योग्य आहे. त्यात चौकोनी पिन मुळी शिरतच नाही. पातीच्या सॉकेटमध्ये ती चौकोनी पिनेपेक्षा पुष्कळ सौम्य, तरी चिपच्या पायापेक्षा जाडच. शिवाय वाकडी ओढल्यास ती मोडून सॉकेटमध्ये अडकते. त्यामुळे पातीच्या सॉकेटसाठी पत्र्यातून कापलेली, चिपच्या पायासारखी चपटी पिन सर्वांत निर्धोक मानावी, मग ती थोडी महाग का असेना. जागा पुरत असल्यास मूळ सॉकेटमध्ये आणखी एक चपट्या पायांचे सॉकेट कायमचे बसवून झीज त्याच्यावर ढकलता येते; कळफलकाखाली अशी चैन क्वचितच परवडते.

मुलाम्याविषयी थोडक्यात : सॉकेट कथलाचा असेल तर पिनही कथलाचीच घ्यावी. सोने व कथील यांच्या संपर्कात सूक्ष्म हालचालीने गंजाचा थर लवकर साचतो.

जोडणी

सोल्डर करताना पिना सरळ राहाव्यात म्हणून त्या वेगळ्या, टाकाऊ सॉकेटमध्ये खोवाव्यात. संगणकाचे सॉकेट त्यासाठी कधीही वापरू नये. जोडबोर्डावर आलेली पिनांची टोके छाटून सपाट करावीत, कारण वर कळफलकाच्या बोर्डाचे उघडे सोल्डरबिंदू असतात आणि टोक टेकल्यास शॉर्ट सर्किट होते. मधे विद्युतरोधक कागद असलेला बरा. काढलेली मूळ चिप काळ्या विद्युतवाहक फोममध्ये खोवून, तिच्या सॉकेटचा क्रमांक लिहून, यंत्रासोबतच ठेवावी.