धुक्यातले दिवे आणि तीन हिरवे ठिपके

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी आमच्या वाडीतल्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी, आंबोली घाटातल्या एका वळणावर त्याची मोटरसायकल कठड्यावर आदळली आणि तो गेला. बाईंनी पदराखालून फोन काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. कुणा पर्यटकानं त्याच वळणावर रात्री काढलेला तो फोटो गावभर फिरत होता. दाट धुकं, डावीकडे समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे, त्यांच्या वर खांबावरचा दिवा. उजवीकडच्या अंधारात मात्र तीन हिरवट ठिपके होते. वर दोन, खाली एक. दोन डोळे आणि तोंड. भोवती पांढरी वर्तुळं तरंगत होती.

‘‘सर, ह्यो माझो झील काय?’’ त्यांनी विचारलं.

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण असा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. परंतु नुसत्या ‘नाही’वर त्यांनी का विश्वास ठेवावा? गावातले चाळीस जण ‘हो’ म्हणत होते. मी म्हटलं, ‘‘चार दिवस द्या. मी तिथे जाऊन बघतो.’’ या लेखात आहे ते त्या चार दिवसांत पाहिलेलं, आणि त्यानंतर वर्षभर कॅमेरा घेऊन घाटात घालवलेल्या रात्रींमधून समजलेलं.

धुकं म्हणजे काय?

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो, वर चढतो, थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब बनतात. खाली सावंतवाडीतून पाहणाऱ्याला जो ढग दिसतो, तोच घाटात उभ्या असलेल्या माणसाचं धुकं असतो. हवामानशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुकं म्हणायचं. आमच्या घाटात ती पन्नास मीटरवर येणं हे पावसाळ्यात नित्याचं आहे.

या थेंबांचा व्यास साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. म्हणजे थेंब प्रकाशलहरीपेक्षा कितीतरी मोठा. आकाश निळं दिसतं कारण हवेचे रेणू लहरीपेक्षा फार लहान असतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात; हे रॅले यांनी १८७१मध्ये दाखवलं. थेंब मोठे झाले की हा पक्षपात संपतो आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरले जातात. म्हणून धुकं पांढरं. अशा मोठ्या कणांचं गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८मध्ये मांडलं.

त्या गणितातली एक गोष्ट छायाचित्रकारानं लक्षात ठेवावी. थेंबावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना सारखा जात नाही, त्याचा बहुतेक भाग थोडासा वळून पुढेच जातो. समोरच्या दिव्याभोवती जो मोठा गोळा दिसतो, तो या किंचित वळलेल्या किरणांचा. मागे परतणारा हिस्सा त्या मानानं थोडा असतो, पण तो थोडा हिस्साच घाटात घात करतो. त्याकडे पुढे येतो.

कॅमेऱ्याची बादली

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अंगणात ओळीनं मांडलेल्या लाखो बादल्या समजा. पाऊस म्हणजे प्रकाश. शटर उघडं असेपर्यंत बादल्या भरतात, मग कॅमेरा प्रत्येकीतलं पाणी मोजतो. बादली काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाहून जातं; किती वाहिलं हे कधीच कळत नाही. रात्रीच्या धुक्यात दिव्याखालच्या बादल्या क्षणात भरतात आणि रस्त्याच्या बादल्यांचा तळही ओला होत नाही. अडचण आहे ती इथेच.

प्रत्येक बादलीवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं. आमच्या वळणावर अजून जुना सोडियमचा नारिंगी दिवा आहे. त्याच्या प्रकाशात लाल काचेखालच्या बादल्या आधी भरतात आणि थांबतात. हिरव्या मागून येऊन त्यांना गाठतात, तेव्हा नारिंगीचा पिवळा होतो. शेवटी निळ्याही भरल्या की पांढरा. म्हणून फोटोत अशा दिव्याच्या मधोमध पांढरा गाभा, भोवती पिवळं कडं आणि बाहेर नारिंगी प्रभा दिसते. गावातल्या फोटोत या आकाराला लोक ‘ज्योत’ म्हणत होते. प्रत्यक्षात ती ओसंडलेल्या बादल्यांची रांगोळी होती.

याला उपाय आहे. कॅमेरा स्वतःवर सोपवला तर तो अंधारी चौकट पाहून ती उजळ करायला जातो आणि दिवे जळून जातात. म्हणून सगळं हातानं ठरवायचं. माझी सुरुवात अशी असते: ट्रायपॉड, आयएसओ २००, अ‍ॅपर्चर एफ ८, आणि एकाच जागेवरून तीन फोटो, पाव सेकंद, एक सेकंद आणि चार सेकंदांचे. पहिल्यात दिव्याभोवतीचं वलय नीट येतं, तिसऱ्यात कठडा आणि झाडं. खुद्द दिव्याची काच हवी असेल तर १/६० सेकंद किंवा त्याहून कमी लागतो. फोटो रॉ स्वरूपात ठेवावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. धुक्यातले फिकट उतार या पायऱ्यांवरच टिकतात, नाहीतर वलयात चकत्या पडतात.

धुक्यात कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस सापडत नाही, कारण पकडायला ठळक कडाच नसते. पडद्यावर दिव्याची कड मोठी करून हातानं फोकस करावा. भिंगावर लावलेली सपाट काच, म्हणजे फिल्टर, काढून ठेवावी. गाडीत एसी चालू असेल तर कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्यावा आणि अर्धा तास तसाच ठेवावा, नाहीतर थंड भिंगावर लगेच दव धरतं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावर उभं राहू नये. मी कठड्याच्या आत, चमकणारं जाकीट घालून उभा राहतो आणि सोबतीला एक माणूस फक्त गाड्यांवर लक्ष ठेवायला असतो.

हे हवेत आहे की भिंगात?

धुक्यातल्या फोटोतला प्रकाश दोन ठिकाणी जन्मतो. काही बाहेर, धुक्यात. काही आत, भिंगात. दोन्ही वेगळे ओळखायची सोपी युक्ती आहे. दिवा झाडाच्या बुंध्याआड जाईल असं दोन पावलं सरका. बुंध्याभोवती जी प्रभा उरते ती हवेतली. जे ठिपके, तारे, पट्टे एकदम नाहीसे होतात ते भिंगातले.

भिंग म्हणजे एक काच नसते; एकामागे एक अशा अनेक काचा असतात. लेप नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते. १९३५मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन पुष्कळ कमी केलं. तरीही थोडं उरतंच, आणि लेपामुळे उरलेल्या प्रकाशाला बहुधा हिरवट किंवा जांभळट छटा येते. दिवसा ते दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर जळजळीत दिवा असला की हा आतल्या आत दोनदा उलटलेला प्रकाश फिकट ठिपका होऊन उमटतो. फोनमध्ये तर हे फार होतं. आणि तो उमटतो कुठे? फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, दिवा जितका दूर तितकाच दूर, उलटा. दिवा डावीकडे खाली तर ठिपका उजवीकडे वर.

पांढऱ्या वर्तुळांचं कारण वेगळं. फोनचा फ्लॅश उडाला होता. धुक्याचे थेंब एकेकटे दिसण्याइतके मोठे नसतात, पण त्यांच्यात झिमझिम पावसाचे थेंब मिसळलेले असतात. भिंगापासून हातभर अंतरावरच्या अशा थेंबावर फ्लॅश पडला की तो चमकतो, आणि फोकसबाहेर असल्यामुळे त्याचं वर्तुळ होतं.

चौथ्या दिवशी मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि बाईंकडे गेलो. त्या पाटावर बसल्या होत्या. मी त्यांच्या हातात पट्टी आणि पेन्सिल दिली. आधी दोन कर्ण काढायला सांगितले, म्हणजे फोटोचा मध्य मिळाला. मग ट्रकच्या एका दिव्यापासून मध्यातून सरळ रेघ. ती हिरव्या डोळ्यावर गेली. दुसऱ्या दिव्यापासून रेघ, दुसऱ्या डोळ्यावर. खांबावरच्या दिव्यापासून तिसरी, तोंडावर. ट्रकचे दोन दिवे खाली होते म्हणून डोळे वर आले. खांबाचा एक दिवा वर होता म्हणून तोंड खाली. शेवटची रेघ त्यांनी मी न सांगता काढली. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. तसं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. विज्ञानानं त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

उजेडाची भिंत

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. त्याला समोरचं दिसलं कसं नाही? गाडीचा दिवा तर लागलेला होता.

यासाठी पुन्हा घाटात गेलो. वाहतूक थांबल्यावर, रस्त्याबाहेरच्या मोकळ्या जागेत मोटरसायकल उभी केली. चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावला आणि तेच माप ठेवून तीन फोटो काढले: अप्परवर, डिप्परवर आणि दिवा बंद करून. अप्परवरचा फोटो म्हणजे नुसती पांढरी भिंत. डिप्परवर जवळचा रस्ता आणि कडेचा पांढरा पट्टा दिसला. दिवा बंद असताना, खांबावरच्या दिव्याच्या प्रभेपुढे, पंचवीस मीटरवरचा एक दगड काळा उठून दिसला. अप्परच्या उजेडात तोच दगड नाहीसा झाला होता.

याचं गणित हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४मध्ये मांडलेल्या दृश्यतेच्या सूत्रातून निघतं. दृश्यता म्हणजे जिथे वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतला फरक दोन टक्क्यांवर येतो ते अंतर. दृश्यता ५० मीटर असेल तर पंचवीस मीटरवरच्या दिव्याचा थेट प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे १४ टक्के पोचतो. पण आपल्या गाडीच्या उजेडानं तिथला दगड पाहायचा तर प्रकाशाला पंचवीस मीटर जावं लागतं आणि पंचवीस मीटर परत यावं लागतं. एकूण पन्नास. उरतो फक्त दोन टक्के. त्याच वेळी समोरच्या पाच-दहा मीटरमधल्या थेंबांनी मागे फेकलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. दिवा जितका प्रखर आणि जितका वर रोखलेला, तितकी ही भिंत जाड. म्हणूनच धुक्यासाठीचे दिवे गाडीला खाली बसवतात आणि त्यांचा झोत आडवा, रस्त्यालगत ठेवतात. उजेड डोळ्यांच्या रेषेत न येता खालून जावा, एवढाच त्यामागचा हेतू.

हे तीन फोटो पाहून बाई म्हणाल्या, ‘‘मगे तेची चूक नव्हती मा?’’

फोटोवरून मला तसं सांगता येत नव्हतं. त्या रात्री त्याचा वेग किती होता, दिवा अप्परवर होता की डिप्परवर, समोरून कुणी आलं होतं का, हे कुठल्याच सेन्सरवर उमटलेलं नाही. मी तेच सांगितलं. एवढं मात्र खात्रीनं म्हणालो की असं धुकं असताना अप्पर लावला तर पंचवीस मीटरवरचा दगड कुणालाच दिसत नाही. तुमच्या मुलालाही नाही, मलाही नाही. त्यांनी मान हलवली आणि तिन्ही फोटो मागून घेतले.

आठवड्यानं मी घाटातून जात होतो. वळणाजवळच्या टपरीवर चहाला थांबलो, तर आतल्या फळीवर ते तीन फोटो प्लास्टिकमध्ये घालून लावले होते. खाली कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं, ‘धुक्यात अप्पर लावू नका. सावकाश जा.’ टपरीवाल्याला विचारलं, कुणी लावले? तो म्हणाला, ‘‘त्याची आई आली होती. आणि तो भुताचा फोटो कुणी दाखवला तर त्याला पट्टी-पेन्सिल द्या म्हणाली.’’ पट्टी आणि पेन्सिल बरण्यांच्या शेजारी सुतळीनं बांधून ठेवली होती.