डोळ्यातलं इंजेक्शन : आतून की बाहेरून?

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला सूज आली की सुईत दोरा ओवता येत नाही. अशा वेळी डॉक्टर कधी कधी स्टेरॉइड देतात. एका पद्धतीत डोळा बधिर करून औषध गोळ्याच्या आत सोडतात. गुण चांगला येतो, पण डोळ्याचा दाब आणि मोतीबिंदू वाढण्याची भीती जास्त. दुसरीत औषध गोळ्याच्या बाहेरून मागे ठेवतात. आत जंतू शिरण्याचा धोका कमी, पण गुणही बहुधा कमी. दोन्हींचा असर काही महिन्यांनी ओसरतो.

आमच्या गटातल्या एका ताईंना दिसू लागलं, म्हणून त्या तपासणीला गेल्याच नाहीत. दाब वाढला तरी डोळा बहुधा दुखत नाही. आतली नस मात्र सुकत जाते. म्हणून दाब मोजायची तारीख बचतीच्या वहीत, हप्त्याच्या तारखेशेजारीच लिहा.